फोडा आणि जोडा!

आमच्या नातवाची सहामाही परीक्षा नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते. त्या आठवड्यात आमच्या निगडीच्या बिऱ्हाडात चकलीचा सोऱ्या आणि विज्ञानाची वही एकाच टेबलावर गुण्यागोविंदाने नांदतात. परवा असाच तो वही उघडून बसला होता. प्रश्न नेहमीचाच : 'फरक स्पष्ट करा – केंद्रकीय विखंडन व केंद्रकीय संमीलन.' पठ्ठ्याने पानाच्या मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे लिहिले होते, 'जड केंद्रकाचे तुकडे होतात. ऊर्जा बाहेर पडते.' उजवीकडे, 'हलकी केंद्रके एकत्र येतात. ऊर्जा बाहेर पडते.' अक्षर सुवाच्य, उत्तर बिनचूक, गुण पुरे. मी समाधानाने मान डोलावली. तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आणखी काय हवे!

पण समोरच्या बिऱ्हाडातले काका चकलीची चव पाहावयास आले होते. काकांची सारी हयात भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाले, "मास्तर, हे काही जमत नाही बुवा. तोडले तरी ऊर्जा निघते म्हणता, आणि जोडले तरी निघते म्हणता. म्हणजे एकदा तोडावे, पुन्हा जोडावे, पुन्हा तोडावे. फुकटात कारखाना चालला! असा हिशेब घेऊन कोणी आमच्या स्टोअरकीपरकडे गेला असता, तर त्याने त्याला दारात उभे केले नसते."

खरे सांगतो, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. आणि लाजेची गोष्ट अशी की, मीही तो फळ्यासमोर उभा राहून कधी स्वतःला विचारला नव्हता. उभी रेघ मारायची, दोन्ही बाजूंना दोन-दोन वाक्ये द्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, हाच क्रम.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचे माहेर राजापूर तालुक्यातले, माडबनच्या बाजूचे. जेथे सहा अणुभट्ट्यांची जैतापूर योजना व्हावयाची आहे. काकांच्या प्रश्नावर त्यांनी आपला प्रश्न ठेवला. "मास्तर, ते फोडायचे आमच्याकडे कशाला आणतात हो? जोडायचे आणा म्हणावे. त्यात म्हणे काही धोकाच नसतो."

वाचकहो, या दोन प्रश्नांपायी माझी दिवाळीची सफाई राहिली. पण दोन्ही प्रश्न इतके चांगले आहेत की, त्यांची उत्तरे एकट्या नातवाला सांगून भागणार नाही.

प्रथम काकांचा हिशेब. त्यांना मी त्यांच्याच वर्कशॉपातल्या दोन वस्तू आठवावयास सांगितल्या. एक, दाबून कडी घातलेली जाडजूड स्प्रिंग. दुसरी, थोड्या अंतरावर ठेवलेले दोन लोहचुंबक. स्प्रिंगची कडी निघाली की दोन टोके धाडकन दूर फेकली जातात. तेथे दूर होण्यात शक्ती बाहेर पडते. चुंबक मात्र एकमेकांकडे झेपावतात आणि खट्‌कन आवाज करून चिकटतात. तेथे जवळ येण्यात शक्ती बाहेर पडते. तेव्हा तोडण्याने शक्ती मिळते की जोडण्याने, हा प्रश्नच अपुरा आहे. आत दाबून ठेवलेले भांडण आहे की ओढ आहे, हे आधी विचारले पाहिजे.

अणूच्या गाभ्यात ही दोन्ही असतात. अणूच्या मध्यभागी जो अतिसूक्ष्म गोळा असतो त्याला पूर्वी आम्ही अणुगर्भ म्हणत असू, आजची पुस्तके केंद्रक म्हणतात. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले. प्रोटॉनांवर सारखाच धन विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. आणि त्या सर्वांना धरून ठेवणारे एक प्रचंड आकर्षणही तेथे असते. फक्त त्याचा पल्ला फार थोडा. अगदी खेटून बसलेल्या शेजाऱ्यापुरताच. ढकलाढकली मात्र लांबवर पोहोचते.

आमच्या लहानपणीचे पुण्याचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको. वाड्यात वाटीभर साखरेची देवघेव चालते ती शेजारच्या बिऱ्हाडाशी. पण नळावरच्या भांडणाचा आवाज मात्र पुढच्या दिंडीपासून मागच्या परसापर्यंत सर्वांना ऐकू जातो. चार बिऱ्हाडांच्या वाड्यात शेजारधर्माचे पारडे जड. आणखी दोन बिऱ्हाडे आली तर उलट सोबतच वाढते. पण बिऱ्हाडे ब्याण्णव झाली तर? शेजारी होते तेवढेच राहतात, भांडणे मात्र ब्याण्णवांची ऐकावी लागतात. असा वाडा वाटण्या झाल्या तरच सुखी व्हायचा. युरेनियमच्या केंद्रकात बरोबर ब्याण्णव प्रोटॉन असतात. (उपमा आहे, फार ताणू नये. केंद्रकात भाडेकरू आणि घरमालक असा भेद नाही.)

म्हणजे फार लहान केंद्रकांना एकत्र येण्यात लाभ आणि फार मोठ्यांना फुटण्यात. मग मध्ये कोठेतरी अशी जागा असली पाहिजे, जेथे जोडूनही काही मिळत नाही आणि तोडूनही नाही. ती जागा आहे लोखंड आणि त्याचा शेजारी निकेल यांची. दोन्ही वाटा उतरणीच्या. एक हलक्या बाजूकडून येते, दुसरी जडाकडून. आणि दोन्ही लोखंडापाशी येऊन थांबतात. लोखंडाच्या केंद्रकातून या रीतीने एक पैशाचीही शक्ती काढता येत नाही. युरेनियम फोडून पुन्हा जोडू म्हणाल, तर फोडताना जेवढे मिळाले तेवढे सगळे मोजून परत करावे लागेल. काकांचा स्टोअरकीपर तेथेही बसलेलाच आहे.

काका खूष झाले. "म्हणजे मास्तर, दोन्ही रस्ते शेवटी आमच्या भंगारखान्यातच येतात म्हणा की!" ज्या लोखंडाच्या ओतकामावर आणि कातकामावर ही सारी पिंपरी-चिंचवड उभी राहिली, ते लोखंड विश्वाच्या या हिशेबातले शेवटचे स्थानक आहे, हे ऐकून त्यांना आपल्या नोकरीचा अभिमानच वाटला असावा.

हा हिशेब तराजूनेही पटवता येतो. इंग्लंडात ॲस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० साली मोजून दाखवले की, हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे वजन भरते, त्यापेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका असतो. तूट शेकडा एकाहूनही कमी. त्याच वर्षी एडिंग्टनने सुचवले की, सूर्य याच तुटीवर जळत असला पाहिजे. वस्तुमानाची तूट ऊर्जेच्या रूपाने प्रकाशात जाते. युरेनियम फुटते तेव्हाही तुकड्यांचे वजन मूळ वजनाहून कमी भरते, पण तेथे तूट हजारात एकाच्या आसपास. हायड्रोजनचे हेलियम होताना ती हजारात सात असते. म्हणून वजनास वजन धरले तर जोडण्याचा व्यवहार किफायतीचा. मात्र एकेका घटनेकडे पाहिले तर युरेनियमचा एक अणू फुटताना जो दणका देतो, तो हायड्रोजनच्या एका जोडणीच्या दहापटींहून मोठा असतो. कारण युरेनियमचा अणूच मुळी अवजड. पुस्तकात कधी एक आकडा देतात, कधी दुसरा, आणि मुले गोंधळतात.

आता यातली मौज अशी की, किफायतीचा धंदा माणसाला अजून साधलेला नाही, आणि कमी किफायतीचा मात्र विलक्षण वेगाने साधला.

विखंडनाचा शोध लागला तो १९३८च्या डिसेंबरात. बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले, आणि त्यांना त्यात बेरियम सापडले. जणू तांदळाच्या पोत्यात एक खडा टाकावा आणि पोते उघडल्यावर अर्धे गहू निघावेत! हिटलरच्या जाचामुळे जर्मनी सोडून गेलेली हान यांची सहकारी लिझे माइट्नर तेव्हा स्वीडनमध्ये होती. नाताळच्या सुट्टीत तिचा भाचा ऑटो फ्रिश तिला भेटावयास आला; बर्फातून फिरता फिरता मावशी-भाच्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर गणित केले आणि युरेनियमचा अणू दुभंगतो हे ताडले. अणू फुटताना दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात, आणि लवंगी फटाक्यांच्या माळेसारखी साखळी चालू राहते. चार वर्षांत, २ डिसेंबर १९४२ रोजी, शिकागोत एन्रिको फर्मीने अशी साखळी लगाम घालून चालवून दाखवली. पुढच्या तीन वर्षांत हिरोशिमा झाले.

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची 'अप्सरा' सुरू झाली. पाण्याच्या हौदात बुडवलेली ती अणुभट्टी; चालू असली की हौदातून निळसर प्रकाश पसरत असे. तिला हे नाव दिले पंडित नेहरूंनी. पुढे तेरा वर्षांनी, १९६९च्या ऑक्टोबरात, तारापूरचे दोन संच व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. तेथे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच आले. जुनी जोडी २०२० साली मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. निगडीतल्या आमच्या दिव्यांत या तारापूरचा वाटा किती, हे तारेतून आलेली वीज सांगत नाही. पण पश्चिम भारताच्या जाळ्यात ती मिसळते, तेव्हा आकाशकंदिलात चिमूटभर युरेनियम आहेच असे समजावयास हरकत नाही. एक किलो युरेनियम–२३५ पूर्ण फुटले तर अडीच-तीन हजार टन उत्तम कोळशाएवढी उष्णता देते.

फटाक्यांची माळ एकदा पेटली की फडफडत संपणारच. मग अणुभट्टीत ती मुठीत कशी राहते? बहुतेक न्यूट्रॉन अणू फुटताक्षणीच बाहेर पडतात. त्यांच्याच भरवशावर भट्टी चालवायची म्हटली तर चालकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ मिळणार नाही. पण हजारात सहा-सात न्यूट्रॉन उशिरा येतात. तुटलेल्या तुकड्यांतून ते काही सेकंदांनी, क्वचित मिनिटभरानेही, रेंगाळत निघतात. भट्टी अशी जुळवलेली असते की, या उशिरा येणाऱ्या पाहुण्यांवाचून साखळी पुरी होऊ नये. तेवढ्या सवडीत न्यूट्रॉन शोषणाऱ्या दांड्या वरखाली करता येतात. निसर्गाने ही एवढीशी ढिलाई ठेवली नसती, तर अणुबाँब झाला असता, पण तारापूर झाले नसते. हे वाचले की मला आजही अंगावर काटा येतो.

जोडण्याची गोष्ट अगदी उलट आहे. तेथे साखळी नाहीच. दोन्ही केंद्रकांवर धन भार. जवळ येऊ लागली की एकमेकांना ढकलतात. आकर्षणाच्या त्या चिमुकल्या पल्ल्यात त्यांना नेऊन पोहोचवायचे तर भरधाव वेगाने एकमेकांवर आपटले पाहिजे, आणि वेग म्हणजे उष्णता. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश उष्णता आहे. तेथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाश होऊन निघून जाते.

हेलियमचे नाव निघाले की आपण मराठी माणसांनी विजयदुर्ग आठवावा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून, विजयदुर्गावरून, पार गुंटूरकडे गेली. त्या ग्रहणाच्या वेळी सूर्यकडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात जी पिवळी रेघ दिसली, तिच्यातून पुढे हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गावर दरवर्षी हा दिवस साजरा करतात, आणि साहेबाने जेथून ग्रहण पाहिले म्हणतात ते ओटेही दाखवतात. हेलियमचा शोध ज्याच्या नावावर आहे तो लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होता. ऑक्टोबरात त्याने ग्रहणावाचूनच ती रेघ पाहिली. तरीही छाया आमच्या कोकणावरून गेली, एवढा मान आपला आपल्याकडे राहू द्यावा. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, आणि तोही युरेनियमच्या खनिजात! सूर्याच्या चुलीतली राख फोडण्याच्या इंधनात दडलेली मिळाली.

सूर्याविषयी आणखी एक गोष्ट, जी ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. तो भगभगतो खरा, पण त्याचा गाभा फार मंद चूल आहे. गाभ्यातला एक घनमीटर भाग घेतला तर त्यातून तीनेकशे वॅटही निघत नाहीत. जुन्या धर्तीचे शंभरचे तीन दिवे म्हणा. तेवढ्याच आकाराचा शेणखताचा उकिरडाही बरोबरी करील. सूर्य प्रचंड आहे, म्हणून त्याचे भागते. माणसाला सूर्याची नक्कल करून चालायचे नाही, त्याच्यावर ताण करावी लागते. म्हणून साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे दोन जड भाऊ घ्यायचे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, आणि त्यांना दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवायचे. अशा वायूला भांडे कोणते घ्यावे? कोणतेही भांडे चालत नाही. त्याला चुंबकाच्या अदृश्य वेटोळ्यात अधांतरी धरावे लागते.

ड्यूटेरियम तर आपल्या नळाला येतो. पाण्यातल्या दर सहा-साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक त्याचा असतो. पवनेचे पाणी निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आमच्या मोरीत येते, तेव्हा पंधरा लिटरच्या बादलीत साधारण अर्धा ग्रॅम ड्यूटेरियम असतो. तो सगळा जुळवता आला तर कागदावरच्या हिशेबाने चाळीस-पन्नास हजार युनिट उष्णता होते. अभ्यंगस्नानाच्या एका बादलीत बिऱ्हाडाची कित्येक वर्षांची वीज! काका म्हणाले, "मग अडले कोठे?"

अडले ते सांगतो. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी राष्ट्रसंघाची मोठी परिषद भरली होती. अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. अध्यक्षपदावरून त्यांनी भाकीत केले की, येत्या दोन दशकांत संमीलनाची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग सापडेल. सभागृहात खळबळ उडाली, कारण बड्या राष्ट्रांत हे काम तोवर गुप्तपणे चालले होते. दोन दशके म्हणजे १९७५. भाभा १९६६च्या जानेवारीत माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले; आपले भाकीत खोटे ठरलेले त्यांना पाहावे लागले नाही. १९५८ साली इंग्रजांनी 'झीटा' यंत्रात संमीलन साधल्याचा गाजावाजा केला आणि काही महिन्यांतच तो मुकाट्याने मागे घेतला. तेव्हापासून दर काही वर्षांनी 'कृत्रिम सूर्य उगवला' असा मथळा येतो. माझ्या कात्रणांच्या वहीत असे सूर्य इतके आहेत की, नवग्रहांत त्यांना जागा पुरायची नाही.

थट्टा बाजूला ठेवू. काम खरोखरच पुढे गेले आहे. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथे ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरच्या माऱ्याने एका गोळीत संमीलन घडवले. लेसरने गोळीला दिली त्याच्या दीडपट ऊर्जा बाहेर आली. किती? आपल्या बिलातले एक युनिटही नव्हे, त्याहून कमी! आणि ते लेसर चालवण्यास ऐंशीवर युनिट खर्ची पडली. इंग्लंडातल्या 'जेट' यंत्राने २०२३ साली पाच सेकंदांत एकोणीस युनिटांएवढी उष्णता दिली, हा मोठा विक्रम मानला गेला. यात उपहास नाही. एक ग्रॅमच्या पाच हजाराव्या हिश्शाएवढ्या इंधनातून तेवढे काढणे म्हणजे खेळ नव्हे. पण तारापूरचा एक मोठा संच तासाला पाच लाखांवर युनिटे देतो, हेही वहीत शेजारी लिहून ठेवावे.

आपल्या देशात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाचे चुंबकी यंत्र १९८९ पासून आहे. आणि फ्रान्समध्ये कादाराश येथे सात भागीदार मिळून 'इटर' हे महायंत्र उभारीत आहेत. भारत त्यातला एक. या यंत्राभोवतीचा पोलादी डेरा, सुमारे ३८०० टनांचा, उंचीला नऊ-दहा मजल्यांएवढा, तो हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी बनला आणि त्याचा शेवटचा भाग २०२० साली बोटीने रवाना झाला. हे ऐकताच काका सरसावून बसले. किती जाडीचे स्टील, वेल्डिंग तपासले कसे, असे दहा प्रश्न. कृत्रिम सूर्यासाठीही शेवटी वेल्डरच लागतो, हे त्यांना फार आवडले. मात्र इटरमध्ये खरे इंधन घालून प्रयोग सुरू व्हावयाचे ते, २०२४ साली सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, २०३९ मध्ये. त्यातून वीज तयार करायचीच नाही. तो फक्त प्रयोग. त्यानंतरचे यंत्र वीज देईल.

तेव्हा वहिनी, माडबनला 'जोडायचे' आणा म्हणून चालणार नाही. ते कोणाच्या दुकानातच नाही.

त्या गप्प बसल्या, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि मला वाटते होऊही नये. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा अजून शिल्लक होता : धोका कोणाचा, कसा? अणुभट्टी अणुबाँबसारखी उडेल, ही भीती खोटी आहे. वीजभट्टीच्या इंधनात फुटणारे युरेनियम तेवढे दाट नसतेच. पण खरी भीती दुसरी आहे, आणि तीच या दोन शक्तींमधला सर्वांत मोठा फरक आहे. फुटलेले तुकडे स्वस्थ बसत नाहीत. साखळी थांबवली, दांड्या खाली सोडल्या, तरी त्या क्षणी भट्टीत पूर्ण उष्णतेच्या शेकडा सहा-सात उष्णता तुकड्यांच्या धगीने चालूच राहते. ती हळूहळू ओसरते. पण तोवर पाणी फिरते राहिलेच पाहिजे. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या शिस्तीत थांबल्या. थोड्या वेळाने समुद्र आत आला, पंप चालवणारी जनित्रे बुडाली, आणि थांबलेल्या भट्ट्या आपल्याच धगीने वितळल्या. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाने याविषयी प्रश्न विचारला तर त्याला अडाणी म्हणणारे स्वतः धडा वाचलेले नसतात.

आणि ते तुकडे शेवटी ठेवायचे कोठे? त्यांतले सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीसेक वर्षांनी निम्मे होतात. भट्टीत तयार होणारे प्लुटोनियम निम्मे व्हावयास चोवीस हजार वर्षे घेते. ट्रॉम्बेला आणि तारापूरला जहाल कचरा काचेत ओतून बंद करतात. काम नेटके आहे, पण काचेला राखण हवीच. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. साखरी नाट्याला २०११च्या एप्रिलमध्ये जैतापूर योजनेविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला. सहा भट्ट्यांची ती ९९०० मेगावॅटची योजना अद्याप कागदावरच आहे. हा हिशेब युनिटांत मांडता येत नाही.

संमीलनात मागे धगधगणारे तुकडे राहत नाहीत. यंत्रात कोणत्याही वेळी इंधन असते काही ग्रॅम. चुंबक ढिला पडला, वायू किंचित गार झाला, की सगळे विझते. पण 'धोकाच नाही' हेही खरे नव्हे. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या जोडणीतून सुटणारे वेगवान न्यूट्रॉन यंत्राच्या भिंती किरणोत्सर्गी करतात. ट्रिटियम स्वतः किरणोत्सर्गी असून बारा वर्षांत निम्मा होतो, म्हणून तो निसर्गात साठ्याने सापडत नाही. मग आज तो येतो कोठून? मुख्यतः जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांतून. त्या पाण्यात तो आपोआप तयार होत असतो. कॅनडात अशा भट्ट्या आहेत, आणि तारापूरचे तिसरा-चौथा संचही त्याच जातीचे. अलिबागजवळ थळला जे जड पाणी बनते, ते म्हणजे ड्यूटेरियमचेच पाणी. म्हणजे जोडण्याच्या चुलीला पहिले सरपण फोडण्याच्या चुलीतूनच मागून आणावे लागणार! हायड्रोजन बाँबचेही तसेच. तो पेटवण्यास आत अणुबाँबच ठेवावा लागतो. नातवाने मारलेली ती उभी रेघ वाटते तितकी सरळ नाही.

वहिनींना मी एवढेच म्हणालो की, जैतापूरला होय म्हणायचे की नाही, ते तुमच्या माहेरच्या माणसांनी पाणी, मासळी, जमीन आणि त्या धगीची व्यवस्था पाहून ठरवावे. पण पुढच्या दिवाळीत संमीलन येणार, या आशेवर नको. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी जिवंत असेपर्यंत नाही ना?" मी २०३९ मधून त्यांचे वय वजा करून पाहिले, आणि गप्प राहिलो.

नातू मात्र तेव्हा तिशीच्या जवळ आलेला असेल. तो इतका वेळ ऐकत होता. त्याने रबर घेऊन दोन्ही रकान्यांतली 'ऊर्जा बाहेर पडते' ही ओळ खोडली. डावीकडे लिहिले, 'पेटते लवकर, पण विझवल्यावरही धग राहते.' उजवीकडे, 'पेटतच नाही, पेटले तर लगेच विझते.' आणि मधल्या रेघेवर, जेथे लिहायचे नसते तेथे, 'लोखंड'.

"आजोबा, याला गुण मिळतील का?"

मी म्हटले, "आधीच्या दोन ओळीही खाली लिहून ठेव."

नरकचतुर्दशीच्या पहाटे गच्चीवरच्या सौर बंबाचे पाणी सोडले. कालच्या उन्हाचे पाणी. नऊ कोटी मैलांवरच्या चुलीवर तापलेले. मोरीतला दिवा जळत होता तो तारेवरचा. काका दारातून ओरडत होते, "मास्तर, पाणी जपून वापरा, टाकी सगळ्यांची आहे!" पेपर तपासून मिळतील ते शाळा उघडल्यावर.